शंकरपट : जिंकणारी जोडी ओळखायची कशी?

सोयाबीन घरात आलं, कापसाच्या वेचणीला सुरुवात झाली आणि तूर फुलोऱ्यावर आली की वऱ्हाडात पटाचे दिवस जवळ आले असं समजावं. मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या भागात कुठल्याही चहाच्या टपरीवर बसा, एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "औंदा कोनती जोडी मारते?" आणि उत्तर देणारेही लगेच भेटतात. त्यांचे दोन प्रकार. एक, ज्यांना खरंच कळतं. दुसरे, ज्यांचा आवाज मोठा असतो. पहिल्या प्रकारची माणसं सहसा कमी बोलतात, बैलाच्या पायाकडे बघत उभी राहतात आणि शेवटी एखादंच वाक्य टाकतात. ती नेमकं काय बघतात हे आपल्या, म्हणजे सेकंद, मीटर आणि न्यूटनच्या भाषेत मांडता येतं का, हे पाहण्यासाठी हा लेख आहे. आपल्या होस्टेलमध्ये अर्धी मुलं शेतकऱ्यांची आहेत. त्यांना यातलं बरंच माहीत असेल. उरलेल्यांसाठी आधी थोडे शब्द.

शंकरपट म्हणजे बैलजोडीची शर्यत. विदर्भात नुसतं 'पट' म्हटलं तरी चालतं. दोन बैल, एक हलका छकडा आणि तो हाकणारा धुरकरी. जिथे पळायचं त्या सरळ पट्टीला म्हणतात दाण. बैलांच्या मानेवर जू, जुवाच्या टोकांना शिवळा, नाकात वेसण, धुरकऱ्याच्या हातात कासरा. (कॉन्व्हेंटात आमची गाडी 'ऑक्स'च्या पुढे गेली नव्हती, त्यामुळे यातले निम्मे शब्द मी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घेतलेत.) काही ठिकाणी दोन जोड्या शेजारच्या दाणीवर एकाच वेळी सुटतात आणि जी पुढे ती जिंकली. काही ठिकाणी एकेक जोडी सोडतात, वेळ मोजतात आणि शेवटी सगळ्यांच्या वेळा लावून नंबर काढतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट विदर्भात नावाजलेला आहे, तिथे महिलासुद्धा जोड्या हाकतात. तिकडे पूर्वेला झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे, दिवसा पट आणि रात्री नाटक असा जोडकार्यक्रम असतो. पुणे जिल्ह्यातल्या घाटातला बैलगाडा हा वेगळा प्रकार, त्याचे नियमही वेगळे. इथे आपण वेळ मोजून होणाऱ्या वऱ्हाडी पटापुरतंच बोलू, कारण अंदाज बांधायला तोच सर्वांत चांगला. आकडे हातात असतात ना!

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्याचा अंदाजाशी संबंध आहे. केंद्र सरकारने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने खेळ-प्रदर्शनासाठी वापरण्यास बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्ही बंद केल्या. त्या निकालात एक मुद्दा असा होता की बैलाच्या शरीराची ठेवण घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, तो ओझं ओढणारा प्राणी आहे. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, ती पुन्हा कोर्टात अडकली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे कायदे कायम ठेवले. आता पटाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाकडून बैलांची तपासणी लागते, आणि काठी, चाबूक, विजेचा धक्का यांना बंदी आहे.

आता याचा अंदाजाशी संबंध काय? तर असा. पूर्वी बऱ्याच जोड्या तुतारीच्या भीतीने पळायच्या. (ही तुतारी वाजवायची नाही बरं का, टोचायची. काठीच्या टोकाला खिळा असतो.) अशी भीतीवर वाढवलेली जोडी नियम पाळणाऱ्या पटात आली, की मागे टोचणारं कोणी नाही हे बैलाला शंभर फुटांत कळतं आणि तो सैल पडतो. जी जोडी नुसत्या आवाजावर पळते ती मात्र तशीच पळते. म्हणून जोडीचे जुने पराक्रम ऐकताना पहिला प्रश्न हा विचारायचा, की तो पराक्रम कुठल्या पटातला आणि तिथे काठी चालत होती की नाही. बैलाच्या पुठ्ठ्यावर बारीक जुने वण दिसले तर उत्तर वेगळं विचारायची गरज नाही. व्यक्तिशः मला वाटतं की २०१४ चा निकाल काही लोक सांगतात तेवढा 'शहरी' नव्हता. ते वण कोर्टाने काढलेले नव्हते.

पहिला प्रश्न : सरळ पळेल का?

इंग्लंडमध्ये अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्या घोड्यांच्या शर्यती असतात. त्यातली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे लिव्हरपूलजवळच्या एंट्री मैदानावरची ग्रँड नॅशनल. साधारण सात किलोमीटर अंतर, ३० उड्या, आणि २०२४ पासून जास्तीत जास्त ३४ घोडे. १९६७ साली २३ व्या अडथळ्यापाशी स्वार नसलेला एक घोडा आडवा आला, मागचे घोडे एकमेकांवर आदळले, आणि या गोंधळाच्या बरंच मागे असलेला फॉइनाव्हॉन नावाचा घोडा वाट काढून निघून गेला आणि जिंकला. त्याचा भाव होता एकास शंभर! म्हणून तिथले जाणकार आधी 'कोण वेगवान' हे विचारत नाहीत. आधी 'कोण शेवटपर्यंत उभा राहील' हे विचारतात, मग वेगाकडे वळतात.

पटात उडी नाही, पण दाण आहे. जोडी दाण सोडून बाहेर गेली की बाद. म्हणजे आपलाही पहिला प्रश्न वेगाचा नाहीच. आणि जोडी दाण का सोडते हे कळायला आपल्या पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स पुरेसं आहे.

जुवाकडे वरून बघा. मधोमध छकड्याची दांडी, दोन्ही बाजूंना साधारण ०.६ मीटरवर एकेक बैल. समजा उजवा बैल डाव्यापेक्षा १०० न्यूटन जास्त ओढतोय, म्हणजे ढोबळमानाने दहा किलो वजनाएवढी ओढ. मग छकड्यावर ६० न्यूटन-मीटरचा टॉर्क बसला. छकडा डावीकडे वळू लागणार. धुरकरी काय करतो? उजवा कासरा ओढतो. म्हणजे ज्या बैलात दम जास्त, त्यालाच ब्रेक लागतो! इथे गंमत लक्षात घ्या. एक बैल विजेसारखा आणि दुसरा साधारण, अशा जोडीचा वेग दोघांच्या सरासरीइतका नसतो. तो हळू बैलाच्या जवळपास येऊन थांबतो, शिवाय वाकडं पळण्याचा धोका वेगळाच. याउलट दोन मध्यम बैल, पण एका मापाचे, एका चालीचे, हे सरळ रेषेत निघून जातात.

म्हणूनच जाणती माणसं एकेका बैलाची किंमत करत नाहीत, जोडीची करतात. मंगरूळपीरकडे एक म्हातारबा म्हणायचे, "पोट्टेहो, शिंगं नोका पाहू, रंग नोका पाहू. जू पाहा, जू." जू आडवं सरळ राहतं की एका बाजूला कलतं, एवढंच ते बघायचे. उंचीत चार बोटांचा फरक असला तरी जू कलतं आणि बुटक्या बैलाच्या खांद्यावर भार जातो. आणखी एक. बैल डाव्या-उजव्याला सवयीने बांधलेला असतो. कायम डाव्या बाजूला चाललेला बैल उजव्याला जुंपला तर तो बिचकतो. ऐन पटाच्या आठवड्यात एक बैल लंगडला म्हणून दुसऱ्या गावचा जोडीदार आणला असेल, तर नाव कितीही मोठं असो, ती जोडी माझ्या यादीतून जाते.

घड्याळ काय सांगतं आणि काय सांगत नाही

आता आपल्या आवडीचा विषय. पूर्वी पटात हातातल्या स्टॉपवॉचवर वेळ घेत. झेंडी पडली की बटन दाबायचं, रेघ ओलांडली की पुन्हा दाबायचं. माणसाला डोळ्याने बघून बोट दाबायला साधारण ०.२ सेकंद लागतात. जोडी सेकंदाला १२ मीटर वेगाने येत असेल तर तेवढ्यात ती २.४ मीटर पुढे जाते, म्हणजे जवळजवळ एका बैलाची लांबी! सुरुवातीची आणि शेवटची दिरंगाई एकमेकींना काही प्रमाणात खोडते हे खरं, पण पूर्ण नाही. शेवटी जोडी येताना दिसत असते, त्यामुळे बोट आधीच दाबलं जातं. म्हणून हाताने घेतलेल्या वेळेत दोन जोड्यांमध्ये ०.०५ सेकंदाचा फरक असेल तर पहिला-दुसरा नंबर कोणाचा हे घड्याळ ठरवत नसतं, अंगठा ठरवत असतो. यावरून किती गावांत भांडणं झाली असतील देव जाणे. आता मोठ्या पटांत दाणीच्या दोन्ही टोकांना सेन्सर लावतात आणि वेळ बोर्डवर दिसते. १२ मीटर वेगाला ०.०१ सेकंद म्हणजे १२ सेंटीमीटर. तेवढ्यावर नंबर द्यायला हरकत नाही.

पण सेन्सर लागला म्हणजे सगळे आकडे एका पंक्तीत बसले असं नाही. घड्याळ कुठून सुरू होतं हे विचारा. जोडी उभी असते त्याच रेघेवर पहिला सेन्सर असेल तर वेग घ्यायला लागलेला वेळ मोजला जातो. तो दहा मीटर पुढे असेल तर त्यातला बराच भाग सुटतो. दुसरं, दाणीची लांबी सगळीकडे सारखी नसते. मग लोक काय करतात? त्रैराशिक मांडतात. १५० मीटरला इतके, तर १०० मीटरला किती? हे साफ चुकतं, आणि का चुकतं ते बघा.

समजा जोडी सेकंदाला ४ मीटर अशा त्वरणाने ३ सेकंदांत १२ मीटर वेग गाठते आणि पुढे तोच वेग टिकवते. तर एकूण वेळ म्हणजे अंतर भागिले १२, अधिक सुरुवातीचा दंड. हा दंड येतो १.५ सेकंद. म्हणजे १०० मीटरला ८.३३ अधिक १.५, बरोबर ९.८३ सेकंद. १५० मीटरला १२.५ अधिक १.५, बरोबर १४ सेकंद. आता १४ सेकंदांचं त्रैराशिक मांडा : १०० मीटरला ९.३३! म्हणजे तीच जोडी, तोच वेग, पण कागदावर अर्ध्या सेकंदाने वेगवान झाली. सुरुवातीचा दंड एकदाच बसतो आणि त्रैराशिक त्यालाही वाटून टाकतं, ही सगळी भानगड.

तुम्हाला आठवत असेल, फेब्रुवारी २०२० मध्ये कर्नाटकातल्या कंबळ्यात, म्हणजे चिखलातल्या रेड्यांच्या शर्यतीत, श्रीनिवास गौडा याने १४२.५ मीटर १३.६२ सेकंदांत पार केले आणि देशभर बातमी झाली की हा १०० मीटर ९.५५ सेकंदांत धावला, उसेन बोल्टच्या २००९ मधल्या ९.५८ पेक्षाही लवकर. ते ९.५५ असंच त्रैराशिकातून आलं होतं, आणि शिवाय पुढे रेडे ओढत होते. त्याला भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडून चाचणीसाठी बोलावणं आलं, त्याने नम्रपणे नाही म्हटलं. मला त्याचं कौतुक धावण्याइतकंच या नकाराचं वाटतं. आपला धंदा काय आणि आकड्याचा अर्थ काय, हे त्याला बातम्या देणाऱ्यांपेक्षा चांगलं कळत होतं.

सरासरीचा सापळा

आता दोन काल्पनिक जोड्या घेऊ. एकाच लांबीच्या दाणीवर, सेन्सरवर, प्रत्येकीच्या पाच वेळा.

सर्जा-राजा : ९.६२, १०.१५, ९.६०, १०.३०, ९.५८.
हिरा-मोती : ९.७५, ९.७७, ९.८०, ९.७४, ९.७८.

सरासरी काढा. सर्जा-राजाची ९.८५, हिरा-मोतीची ९.७७. परीक्षेत विचारलं असतं तर आपण हिरा-मोती लिहून मोकळे झालो असतो. पण नीट बघा. सर्जा-राजा पाचपैकी तीनदा हिरा-मोतीच्या सर्वांत चांगल्या वेळेपेक्षाही पुढे आहे. समोरासमोर एकच फेरी असेल तर याच आकड्यांवरून सर्जा-राजाची बाजू वरचढ. आणि पटात दोन नाही, पन्नास-साठ जोड्या असतात. त्यातली एखादी तरी ९.६५ च्या आसपास पळणारच. तिथे पहिला नंबर हिरा-मोतीला मिळणं कठीण, कारण ती जोडी ९.७४ च्या खाली कधी आलेलीच नाही. जिच्यात चढ-उतार जास्त तिलाच पहिल्या नंबरची आशा. मात्र बक्षिसं पहिल्या दहांना असतील आणि मालकाला काही ना काही घेऊनच घरी जायचं असेल, तर हिरा-मोतीसारखी जोडी नाही. एकाच आकडेवारीची दोन उत्तरं, प्रश्न कुठला यावर अवलंबून.

इथे लगेच कोणी तरी म्हणेल की पाच फेऱ्यांवरून काय कळतं? बरोबर आहे. नाणं पाच वेळा उडवलं तर तीन किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता बरोबर निम्मी असते. म्हणून नुसतं 'पाचात तीन' पुरत नाही. १०.१५ आणि १०.३० या दोन वेळा का आल्या हे शोधायचं. आपल्या वर्कशॉपमध्ये दहातले दोन जॉब मापाबाहेर गेले तर आपण सरासरी काढत बसत नाही, टूल बघतो. तसंच इथे. त्या दोन फेऱ्यांत बैल सुटताना बिचकला? दाणीवर खोळंबा झाला? धुरकरी वेगळा होता? कारण सापडलं आणि ते आज लागू नसेल, तर त्या दोन वेळा बाजूला ठेवायचा हक्क मिळतो. कारण सापडलं नाही तर ठेवायचा नाही. आवडती जोडी म्हणून वाईट आकडे खोडायचे, हा रोग मी इंजिनिअरिंगच्या जर्नलमध्येही पाहिलाय!

सातत्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. रेड रम नावाचा घोडा ग्रँड नॅशनल १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदा जिंकला, आणि मधल्या १९७५ व १९७६ ला दुसरा आला. ३० उड्यांच्या शर्यतीत पाच वर्षं पहिला किंवा दुसरा! असं उदाहरण क्वचित सापडतं, आणि सापडलं तर सरासरी-बिरासरी सोडून सरळ त्याचं नाव घ्यावं. त्याच्या पायाच्या हाडाला आजार होता आणि त्याला समुद्रकाठच्या वाळूत पळवत असत. म्हणजे जमिनीचा आणि खुराचा विषय आलाच.

काळी माती

आपली माती काळी, चिकणमातीचं प्रमाण जास्त. ओली असली की फुगते, सुकली की भेगा पडतात. सिव्हिलवाल्यांना हे सांगायला नको, त्यांचा पायाच तिच्यात फसलेला असतो. दाण तयार करताना नांगरट मोडून, पाणी मारून, रोलर फिरवून ती दाबतात. सकाळी दव असतं, वरचा थर किंचित ओलसर आणि घट्ट असतो, खूर चांगला रुततो आणि सुटतो. दुपारपर्यंत पाच-पन्नास जोड्यांनी ती खुरांनी उकरलेली असते, वर भुसभुशीत धूळ, चाक रुततं. त्याच जोडीची वेळ सकाळी आणि दुपारी वेगळी येणारच.

यावर एक सोपी युक्ती. दर दहा जोड्यांची मधली वेळ काढा. सकाळच्या दहांची मधली वेळ ९.९० आहे आणि दुपारच्या दहांची १०.२०. आता सकाळी ९.८५ पळालेली जोडी आपल्या घोळक्यापेक्षा ०.०५ ने पुढे होती, आणि दुपारी १०.०५ पळालेली ०.१५ ने पुढे. कागदावर पहिली वेगवान, पण पुढच्या पटासाठी मी दुसरीचं नाव वहीत लिहीन. बोर्डवरचे आकडे सगळे बघतात, ही वजाबाकी फार कमी लोक करतात. वही-पेन घेऊन पटाला जाणाऱ्याला लोक हसतात, हसू द्या.

बैलाकडे बघणं

हे पुस्तकातून येत नाही, पण काही गोष्टी सांगता येतात. बैल चालवत आणताना मागचा खूर पुढच्या खुराच्या खुणेवर किंवा त्याच्या पुढे पडतो का ते बघा. मागे पडत असेल तर पाठीत किंवा मांडीत काही तरी आखडलंय. खांद्यावर जू बसतं तिथे सूज किंवा सोललेलं आहे का? नाल ढिली आहे का? सावलीत बांधलेला बैल निवांत रवंथ करत असेल तर उत्तम, प्रवासाचा शीण उतरलाय. मान खाली, कान पडलेले, वैरण तशीच पडलेली असेल तर तो आदल्या रात्री टेम्पोत उभा राहून आलेला असणार. शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग गेल्यापासून लांबच्या जोड्या लवकर पोहोचतात हे खरं, पण बैलाला बसायला जागा नसेल तर रस्ता गुळगुळीत असून फायदा काय?

वय दातांवरून कळतं. दोन दाती म्हणजे साधारण दोन-अडीच वर्षांचा, अजून गोऱ्हाच. सहा दाती किंवा नुकता जुळलेला बैल भरात असतो. जातीबद्दल लोक तासन् तास बोलतात. खिल्लार चपळ, वर्ध्याकडचा गवळाऊ पांढरा, हलका आणि चालीला जलद. पण जात पाहून निवड करणं म्हणजे कॉलेजच्या नावावरून मुलाचं सीजीपीए सांगणं. बैल समोर उभा असताना जात कशाला विचारायची?

धुरकऱ्याच्या वजनाचंही फार बोललं जातं, त्याचा हिशोब करू. दोन बैल, छकडा आणि माणूस मिळून ९०० किलो धरा. धुरकरी ७० ऐवजी ५५ किलोचा घेतला तर वजन १५ किलोने, म्हणजे १.७ टक्के कमी. सुरुवातीच्या १.५ सेकंदांच्या दंडात १.७ टक्के फरक म्हणजे ०.०२५ सेकंद. पहिला-दुसरा नंबर ठरायला कधी कधी एवढं पुरतं, पण त्यासाठी कोवळ्या पोराला छकड्यावर उभं करणं हा मूर्खपणा आहे. धुरकऱ्याचा हात वजनापेक्षा कितीतरी महत्त्वाचा. एकदा कासरा चुकीचा ओढला गेला की ०.०२५ काय, अर्धा सेकंद जातो.

पैजेबद्दलही लिहायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ मानला, कारण घोड्याची वंशावळ, मागची कामगिरी, वजन, स्वार यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो. वर मी जे लिहिलं तेही तेच आहे. पण तो निकाल परवाना असलेल्या रेसकोर्सचा आहे, गावच्या पटाला तो लावता येत नाही. पटावर पैसे लावणं हा जुगारच. आणि कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट आहे. पैसे आले की सुजलेल्या खांद्याचा बैलही दाणीवर उतरतो. होस्टेलवर चहा-समोशाची पैज लावा, तेवढ्याने कोणाचा बैल मरत नाही.

आता एक अंदाज बांधून बघू

काल्पनिक पट, १०० मीटरची दाण, सेन्सरचं घड्याळ, पहिल्या दहा जोड्यांना बक्षीस. तीन जोड्यांची चर्चा आहे. सर्जा-राजा आणि हिरा-मोती वरच्याच. तिसरी नवीन जोडी, तिच्याबद्दल सगळीकडे बोलबाला की 'साडेनऊ सेकंद मारते'.

आधी ते साडेनऊ तपासू. चौकशी केली तर कळतं की ती वेळ १५० मीटरच्या दाणीवरची १४.२५ सेकंद आहे आणि त्रैराशिकाने ९.५० झाली आहे. शेवटचे ५० मीटर १२ मीटर वेगाने पळाली असं धरलं, तर ते ४.१७ सेकंद वजा करून १०० मीटरला १०.०८ राहतात. म्हणजे बोलबाला पोकळ आहे. त्यात सकाळी बघितलं तर डाव्या बैलाचा खांदा सुजलेला, आणि मालक वरून झूल टाकून उभा. इथे निवडीचा प्रश्नच संपतो. ही गोष्ट तपासणीला आलेल्या पशुवैद्यकांच्या कानावर घालायची. मालक ओळखीचा असेल तर आधी त्याला, "काकाजी, आज राहू द्या" एवढं म्हणून. तो चिडेल. चिडू द्या.

आता राहिल्या दोन. सर्जा-राजाच्या त्या दोन वाईट फेऱ्यांची चौकशी केली. दोन्ही वेळा आधीची जोडी दाणीबाहेर गेली होती, गर्दी आत शिरली होती आणि सर्जाला सुटायच्या रेघेवर बराच वेळ धरून ठेवावं लागलं होतं. तो ताटकळला की आडवा होतो. बाकी तीन फेऱ्यांत तसं काही नव्हतं. म्हणजे कारण सापडलं. आजच्या चिठ्ठ्यांत सर्जा-राजाचा नंबर आठवा निघाला. सकाळची घट्ट दाण, गर्दी अजून चहा पितेय, खोळंब्याची शक्यता कमी. हिरा-मोतीचा नंबर एकेचाळिसावा, दुपारचा. दाण उकरलेली असणार, तिची ९.७७ ची सवय तिथे दहाच्या आसपास जाईल.

तेव्हा पहिल्या नंबरसाठी माझी निवड सर्जा-राजा, अंदाजे ९.६०. हिरा-मोती दुपारच्या घोळक्यात सर्वांत पुढे राहील, पण बक्षिसाच्या यादीत सातवी-आठवी, आणि वेळ लागली तरी दाण सोडणार नाही हे नक्की. मात्र सुटायच्या रेघेवर नजर ठेवायची. आठव्या नंबरच्या आधी कुठली जोडी बाहेर गेली आणि सर्जाला दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त उभं राहावं लागलं, तर समोसे हिरा-मोतीवर लावायचे.